२५ लाखांचं पॅकेज, पण हातात किती?

ऑफर लेटर आलं की सगळे आधी एकच काम करतात: मोठा आकडा बारानं भागतात. २५ लाख भागिले १२, म्हणजे महिन्याला दोन लाख आठ हजार. त्या हिशोबावर फ्लॅट बघायला सुरुवात होते, गाडीचा हप्ता ठरतो, घरी फोन होतो. पुढे पहिल्या पूर्ण महिन्याचा पगार जमा झाल्याचा मेसेज येतो, त्यात एक लाख एक्केचाळीस हजार दिसतात आणि सगळा राग आयकरावर निघतो.

हा राग बराचसा चुकीच्या दारात जातो. खालच्या उदाहरणात महिन्याला जे ६७ हजार कमी पडतात, त्यात कराचा वाटा जेमतेम पाव आहे. बाकीची रक्कम कर लागण्याआधीच, पगाराच्या रचनेत, दुसरीकडे गेलेली असते आणि ते ऑफर लेटरमध्ये स्पष्ट लिहिलेलंही असतं. म्हणून हिशोबाची सुरुवात करापासून न करता त्या कागदापासून करू.

सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि महाराष्ट्रात खासगी नोकरी करणाऱ्यासाठीचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा २०२५ घेतो. त्यामुळे जुने कलम क्रमांक पाठ करत बसू नका, हिशोबाची रीत समजून घ्या.

पायरी १: सीटीसीची फोड समोर ठेवा

सीटीसी (कॉस्ट टू कंपनी) म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो सगळा खर्च. ऑफर लेटरच्या शेवटी त्याच्या फोडीचं एक पान जोडलेलं असतं. ते नसेल तर होकार देण्याआधी एचआरकडून मागून घ्या. यात संकोच करण्यासारखं काही नाही. आपल्या उदाहरणातल्या पुण्याच्या नोकरीचं पान असं आहे, सगळे आकडे वर्षाचे:

मूळ पगार म्हणजे बेसिक: १२,००,०००
घरभाडे भत्ता म्हणजे एचआरए: ४,८०,०००
स्पेशल अलाउन्स: ३,६०,०००
व्हेरिएबल पे म्हणजे कामगिरीवरचा बोनस: २,४०,०००
पीएफ म्हणजे भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा: १,४४,०००
ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम: ५७,७२०
गट विमा: १८,२८०
एकूण सीटीसी: २५,००,०००

आता पेन्सिल घ्या आणि जे दरमहा खात्यात येणारच नाही ते खोडा. कंपनीचा पीएफचा वाटा तुमचाच आहे, पण तो पीएफ खात्यात जातो. ग्रॅच्युइटी सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते. दोन वर्षांत नोकरी बदलली तर सीटीसीतले हे ५७ हजार बहुतेकदा कागदावरच राहतात. तो आकडा बेसिकच्या ४.८१ टक्के असतो, म्हणजे दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. गट विम्याचा हप्ता विमा कंपनीकडे जातो. व्हेरिएबल कधी आणि किती मिळेल हे कामगिरीवर आणि कंपनीच्या ताळेबंदावर ठरतं, म्हणून महिन्याच्या हिशोबातून तोही बाहेर.

उरतं बेसिक, एचआरए आणि स्पेशल अलाउन्स: २०,४०,००० रुपये. महिन्याला १,७०,०००. पगाराच्या स्लिपवर ‘ग्रॉस’ म्हणून दिसतो तो हाच आकडा. म्हणजे कर अजून लागलाही नाही आणि महिन्याचे ३८ हजार कमी झालेले आहेत.

बेसिक जितकं मोठं तितके पीएफ आणि ग्रॅच्युइटी मोठे, आणि हातातली रक्कम लहान. सीटीसी सारखीच असलेल्या दोन कंपन्यांत इन-हँड वेगळा येतो तो बहुधा याचमुळे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ‘वेतना’ची व्याख्या बदलली आहे: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे बेसिक अगदी बारीक ठेवायची जुनी युक्ती आता चालणं अवघड आहे.

पायरी २: कर काढा, पण टप्प्याटप्प्यानं

आयकर मोजायच्या दोन प्रणाली आहेत: नवी, कमी दरांची पण मोजक्याच वजावटींची, आणि जुनी, जास्त दरांची पण जास्त वजावटींची. नवी आता आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. नव्या प्रणालीत पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, कसलाही पुरावा न देता. आपलं करपात्र उत्पन्न झालं २०,४०,००० वजा ७५,०००, म्हणजे १९,६५,०००.

त्यावर दर असे लागतात: पहिल्या ४ लाखांवर शून्य, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि २४ लाखांच्या पुढे ३० टक्के.

प्रत्येक दर त्या-त्या टप्प्यातल्या रकमेलाच लागतो. आपल्या उदाहरणात ४ ते ८ च्या टप्प्याचे २०,०००, पुढच्या टप्प्याचे ४०,०००, त्याच्या पुढचे ६०,००० आणि १६ लाखांच्या वर उरलेल्या ३,६५,००० वर २० टक्क्यांनी ७३,०००. बेरीज १,९३,०००. त्यावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर, ७,७२०. वर्षाचा कर २,००,७२०. महिन्याला टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापला जाणारा कर, १६,७२७ च्या आसपास.

‘मी २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे’ असं म्हणणारा माणूस प्रत्यक्षात ग्रॉसच्या दहा टक्क्यांहूनही थोडा कमी कर भरतोय, हे इथे दिसतं. स्लॅबचा दर फक्त पुढच्या रुपयाला लागतो.

पायरी ३: उरलेल्या दोन कपाती

पीएफमधला तुमचा स्वतःचा वाटा, बेसिकच्या १२ टक्के: महिन्याला १२,०००. कंपनीच्या वाट्याएवढाच, पण हा ग्रॉसमधून कापला जातो. आणि व्यवसाय कर: महाराष्ट्रात महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. फेब्रुवारीची स्लिप शंभर रुपयांनी वेगळी दिसते ती यामुळे. त्यासाठी पेरोलला मेल पाठवू नका.

१,७०,००० मधून १२,०००, २०० आणि १६,७२७ गेले. हातात १,४१,०७३.

आता सुरुवातीच्या दोन लाख आठ हजारांशी ताळा करा. फरक ६७,२६० चा. त्यात व्हेरिएबलचे २०,०००, पीएफचे दोन्ही वाटे मिळून २४,०००, ग्रॅच्युइटी आणि विम्याचे सहा हजारांच्या वर, व्यवसाय कराचे २०० आणि आयकराचे १६,७२७. पीएफचे २४ हजार तर तुमच्याच नावावर साठतायत, तेही व्याजासकट.

पगारवाढीमुळे हातात कमी येतं का?

‘वाढ घेतली तर पुढच्या स्लॅबमध्ये जाईन आणि नुकसान होईल’ ही भीती चांगल्या शिकलेल्या लोकांनाही असते. पुढच्या स्लॅबचा दर फक्त त्या स्लॅबमधल्या रकमेला लागतो, त्यामुळे नुसता स्लॅब ओलांडल्यानं हातातली रक्कम कमी होत नाही. मात्र नव्या प्रणालीत दोन ठिकाणं अशी आहेत की तिथे वाढ जवळपास पूर्ण करात जाते. मोठ्या पगाराच्या माणसानं ती माहीत करून घ्यावीत.

पहिलं ठिकाण पगार १२,७५,००० चं. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० पर्यंतच्या करसवलतीमुळे कर शून्य होतो. पगार १२,८५,००० झाला तर स्लॅबनुसार कर ६१,५०० येतो. पण इथे मार्जिनल रिलीफ नावाची सूट आडवी येते आणि कर, १२ लाखांच्या वर जितके रुपये मिळाले तितकाच, म्हणजे १०,००० इतकाच ठेवतं. त्यावर उपकर ४००. दहा हजारांची वाढ आणि १०,४०० कर! वर्षाला ४०० रुपयांचं नुकसान; गंमत म्हणून ठीक, पण त्यासाठी कुणी वाढ नाकारू नये.

दुसरं ठिकाण ५० लाखांचं, आणि ते जास्त बोचरं आहे. करपात्र उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की संपूर्ण करावर १० टक्के अधिभार लागतो. बरोबर ५० लाखांवर उपकराआधीचा कर १०,८०,००० होतो. ५१ लाखांवर तो ११,१०,००० आणि अधिभार १,११,०००, एकूण १२,२१,०००. म्हणजे एक लाख जास्त कमावून १,४१,००० जास्त भरायचे? मार्जिनल रिलीफ इथेही ४१,००० कमी करून जादा कर एक लाखावर थांबवतं. पण तो एक लाख मात्र पूर्ण जातो, वर उपकर. हे साधारण ५१ लाख ६१ हजारांपर्यंत चालतं. या पट्ट्यातला माणूस सरकारसाठीच राबतो म्हटलं तरी चालेल. पुढे १ कोटीच्या वर अधिभार १५ टक्के आणि २ कोटींच्या वर २५ टक्के होतो. नव्या प्रणालीत तो त्याहून वाढत नाही.

जुनी की नवी?

याचं उत्तर बहुतेकांच्या बाबतीत ‘नवी’ असं आहे, पण आकडा बघूनच ठरवा. समजा, हाच माणूस पुण्यात महिन्याला ३०,००० भाडं देतो. जुन्या प्रणालीत एचआरएची सूट तीन आकड्यांतल्या सगळ्यात लहान आकड्याएवढी मिळते: मिळालेला एचआरए ४,८०,०००, बेसिकच्या ४० टक्के, म्हणजे इथेही ४,८०,०००, आणि वर्षाचं भाडं वजा बेसिकचे १० टक्के, म्हणजे ३,६०,००० वजा १,२०,०००, बरोबर २,४०,०००. सूट २,४०,०००. २०२५-२६ साठी ५० टक्क्यांचा नियम मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईलाच आहे. पुण्याचं भाडं कितीही असो, हिशोब ४० टक्क्यांनीच होतो.

त्यात प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सी कलमाखालच्या बचतीचे १,५०,००० आणि आरोग्य विम्याचे २५,००० मिळवा. एकूण ४,६७,५००. करपात्र उत्पन्न १५,७२,५०० आणि उपकरासह कर २,९५,६२०. नव्या प्रणालीपेक्षा ९४,९०० रुपये जास्त.

८०सी साठी घाईघाईनं पॉलिसी विकत घेणाऱ्यांनी हेही बघावं: पीएफमधला स्वतःचा १,४४,००० चा वाटा ८०सी मध्येच मोजला जातो. दीड लाखांच्या मर्यादेत सहाच हजारांची जागा उरते. आणि नव्या प्रणालीत तर ८०सी नाहीच. कर वाचवायला म्हणून मार्चमध्ये गळ्यात पडणाऱ्या विम्याच्या योजनांना साफ नाही म्हणायला हे एवढं कारण पुरेसं आहे.

जुनी प्रणाली मग कुणाला परवडते? जिथे भाडं मोठं आहे, किंवा राहत्या घराच्या कर्जाचं व्याज २ लाखांची मर्यादा गाठतं, आणि त्याच्या जोडीला बाकीच्या वजावटीही भरलेल्या आहेत, तिथे. ठोकताळा असा: पगार साधारण पावणेपंचवीस लाखांच्या पुढे असेल तर प्रमाणित वजावट सोडून वजावटींची बेरीज ८ लाखांच्या वर जायला हवी, तरच जुनी स्वस्त पडते. आपल्या २०,४०,००० च्या उदाहरणात ही रेघ सव्वासात लाखांच्या आसपास येते. बेरीज करा, रेघेच्या खाली असाल तर विषय संपला. धंद्याचं उत्पन्न नसेल तर पगारदाराला दर वर्षी निवड बदलता येते, आणि एप्रिलमध्ये कंपनीला काहीही सांगितलं असलं तरी विवरणपत्र मुदतीत भरताना वेगळी प्रणाली घेता येते.

तुमच्या हातातली दोन बटणं

पहिलं पीएफचं. कायद्यानं पीएफ १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर बंधनकारक आहे, म्हणून बऱ्याच कंपन्या महिना १,८०० रुपयांचा पर्याय देतात. आपल्या उदाहरणात तो घेतला आणि कंपनीनं तिचे वाचलेले १०,२०० स्पेशल अलाउन्समध्ये टाकले, तर त्यावरचा कर जाऊन हातात महिन्याला सुमारे १७,९०० जास्त येतात. आकर्षक दिसतं. पण सक्तीनं होणारी बचत सैल सोडली की ती आपोआप म्युच्युअल फंडात जात नाही, बहुतेकदा खर्चात जाते. डोक्यावर महाग कर्ज असेल तर हा पर्याय जरूर घ्या. नसेल तर माझं मत पूर्ण १२ टक्क्यांच्या बाजूनं. निवड बहुतेक ठिकाणी रुजू होतानाच करावी लागते. बेसिक फार मोठं असेल तर दोन मर्यादा लक्षात ठेवा: स्वतःचा वाटा वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला की वरच्या रकमेचं व्याज करपात्र होतं, आणि कंपनीचे पीएफ, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) वगैरे मिळून साडेसात लाखांच्या वर गेले की वरचा भाग तुमच्या उत्पन्नात धरला जातो.

दुसरं बटण कंपनीमार्फत एनपीएस. नव्या प्रणालीत टिकलेल्या मोजक्या सवलतींपैकी ही सगळ्यात मोठी: बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत कंपनीनं भरलेली रक्कम करातून वजा होते. आपल्या उदाहरणात ते १,६८,००० होतात आणि वर्षाला ३४,९४४ रुपये कर वाचतो. एचआरच्या सादरीकरणात हे ऐकून ‘इन-हँड वाढेल’ अशी समजूत होते, आणि तिथेच गफलत आहे. महिन्याचे १४,००० ग्रॉसमधून निघून जातात आणि करात २,९१२ वाचतात. हातात ११,०८८ कमी येतात, आणि पैसे निवृत्तीपर्यंत बहुतांशी अडकतात. पन्नास लाखांच्या त्या पट्ट्यात असाल तर मात्र डोळे झाकून घ्या, कारण ती रक्कम तशीही करात जाणार होती.

बोनसच्या महिन्याची स्लिप

वर्षाचा २,४०,००० चा व्हेरिएबल पूर्ण मिळाला असं धरू. तो आधीच्या १९,६५,००० च्या डोक्यावर बसतो: पहिले ३५,००० वीस टक्क्यांच्या टप्प्यात, उरलेले २,०५,००० पंचवीसच्या. उपकरासह ६०,५८० कर, हातात १,७९,४२०. बऱ्याच कंपन्या हा सगळा कर त्याच महिन्यात कापतात, म्हणून ‘बोनसवर जास्त कर असतो’ असा समज पसरलाय. बोनसला वेगळा दर नाही. तो सगळ्यात वरच्या टप्प्यात पडतो, इतकंच.

जॉइनिंग बोनसचंही तेच. फक्त करार नीट वाचा: वर्षाच्या आत सोडलं तर परत करायची रक्कम करापूर्वीची असते की करानंतरची? अनेक करारांत ती करापूर्वीची असते. म्हणजे हातात आलेत त्याहून जास्त पैसे परत द्यावे लागतात.

जानेवारी ते मार्च

जुनी प्रणाली घेतली असेल तर एप्रिलमध्ये नुसतं सांगून भागतं. पुरावे डिसेंबर-जानेवारीत मागतात. भाड्याच्या पावत्या, वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन, विम्याची पावती. घरमालक पॅन द्यायला कां-कू करणार असेल तर ते भाडेकरार करतानाच विचारून घ्या. पुरावा नाकारला गेला की राहिलेला सगळा कर उरलेल्या दोन-तीन पगारांतून कापतात, आणि मार्चचा पगार ओळखू येत नाही. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर त्यावर २ टक्के टीडीएस कापून भरायची जबाबदारी भाडेकरूची, म्हणजे तुमची. हे बऱ्याच जणांना नोटीस आल्यावर कळतं.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलताना

मोठा पगार बहुतेकांना नोकरी बदलूनच मिळतो, आणि ती बदली क्वचितच १ एप्रिलला होते. समजा, सप्टेंबरपर्यंत जुन्या ठिकाणी महिन्याला १,००,००० ग्रॉस होता. त्या कंपनीनं वर्षाचे १२ लाख धरले, वजावटीनंतर ११,२५,००० उरले, कर शून्य. टीडीएस कापलाच नाही. ऑक्टोबरपासून नव्या ठिकाणी १,७०,०००. नव्या कंपनीला जुन्या पगाराची माहिती दिली नाही तर तिला फक्त सहा महिन्यांचे १०,२०,००० दिसतात. वजावट जाऊन ९,४५,०००, पुन्हा कर शून्य. महिन्याला १,५७,८०० हातात येतात आणि माणूस खूश.

खरा हिशोब दोन्ही पगार मिळवून होतो: १६,२०,००० वजा ७५,०००, म्हणजे १५,४५,०००. कर उपकरासह १,१६,२२०. तो विवरणपत्र भरताना एकरकमी समोर येतो, वर महिन्याला एक टक्का या हिशोबानं व्याज.

म्हणून रुजू होतानाच फॉर्म १२बी भरून जुन्या पगाराची आणि कापलेल्या कराची माहिती नव्या पेरोलला द्या. ते मागतीलच असं नाही, आपणहून द्या. मग तेच १,१६,२२० सहा महिन्यांत विभागले जातील, दरमहा १९,३७०, आणि मार्चपर्यंत हातात १,३८,४३० येतील. घराचा हप्ता ठरवताना हा आकडा धरा. मे अखेरीस शेवटच्या तिमाहीचा टीडीएस नोंदवला गेला की जूनच्या मध्यापर्यंत दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६ (पगाराचं आणि कापलेल्या कराचं प्रमाणपत्र) मागून घ्या आणि ई-फायलिंगच्या संकेतस्थळावरून फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराची नोंद) काढून त्यातला टीडीएस स्लिपमधल्या आकड्यांशी महिनावार जुळवा. एखाद्या महिन्याचा कर तिथे दिसत नसेल तर विवरणपत्र भरायच्या आधी त्या कंपनीच्या पेरोलला लेखी कळवा.